उतारावर बैल सोडू नका!



पावसाळ्यात आपले बचत गट चिखलदऱ्याला सहलीला निघतात. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंच असलेलं हे ठिकाण. चढताना सगळ्या सावध असतात. परतताना गाण्याच्या भेंड्या सुरू होतात, अन् खरा धोका असतो तो तेव्हाच. धुकं, ओला रस्ता, वळणं आणि भरलेली गाडी.

बंडी उतारावरून नेताना आपण बैल सोडून देतो का? नाही. बैलच मागचा भार मानेवर तोलून धरतात. गाडीचा गिअर म्हणजे जुंपलेले बैल. दुसऱ्या किंवा पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रल केली, की बैल सुटले! मग सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबला की तापतो, आणि फार तापला की धरत नाही.

काही चालक डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करतात. पण आजच्या गाड्यांत गिअर असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंजिनाला जाणारं डिझेल जवळजवळ थांबतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला डिझेल जळतच राहतं. आणि इंजिनच बंद केलं, तर ब्रेक दाबायला जड होतो, स्टिअरिंगही जड होतं. पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर नोव्हेंबर 2022 मध्ये एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली होती. उतारावर सुटलेलं वजन काय करतं, ते तिथे दिसलं.

आता कोणी म्हणेल, "आमची गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह आहे, काळजी नको." चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाली, की चिखलातून निघायला, चढ चढायला मदत होते. पण ब्रेक तर साध्या गाडीच्याही चारही चाकांना असतात. म्हणून थांबताना ही गाडी काही वेगळी नाही. काश्मीर-मनालीकडे बर्फ गोठलेल्या उतारावर अशा गाड्याही घसरतात. तिथले जाणते चालक चाकांना साखळ्या बांधतात, वरूनच सगळ्यात लहान गिअर टाकतात, मुंगीच्या पावलानं उतरतात. ब्रेक हलका, स्टिअरिंगही हळू. आपल्याकडे बर्फ नाही, पण पावसात भिजलेली काळी माती पांदण रस्त्यावर तशीच दगा देते. उपाय तोच.

हे लक्षात ठेवा:

ज्या गिअरमध्ये घाट चढला, त्याच गिअरमध्ये उतरायचा. उतार सुरू होण्याआधीच गिअर बदलायचा.

वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला सुमारे चौपट अंतर लागतं.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची.

चाकांजवळ जळका वास आला, तर सुरक्षित जागी थांबा. चाकाला दगड लावा, ब्रेक आपोआप थंड होऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका.

ब्रेक लागेनासाच झाला, तर पेडल भराभर दाबत गिअर एकेक करून खाली आणायचा, हॅण्डब्रेक हळूहळू ओढायचा आणि गाडी दरीकडे नाही, डोंगराच्या बाजूला घ्यायची.

आपल्यापैकी बऱ्याच जणी स्टिअरिंगवर नसतात, मागच्या सीटवर असतात. चालकाला कसं बोलावं, असा संकोच वाटतो. पण गाडी आपण ठरवली, भाडं आपण दिलं, जीवही आपलाच. म्हणून निघण्याआधीच, गाडी उभी असताना सांगा, "दादा, घाट गिअरमध्येच उतरवा. उशीर झाला तरी चालेल." हे वाक्य गटातल्या एकीनं म्हणायचं आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीशी उभं राहायचं.