आधी सांगाडा, मग सॉफ्टवेअर

कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या टेक-फेस्टला जा, एखादा तरी घरी बनवलेला सीएनसी राउटर असतोच. मोटारी गुणगुणतात, पेन खाली येतं आणि प्रमुख पाहुण्यांचं नाव कागदावर झोकात उमटतं. टाळ्या! पण त्याच मशीनचं पेन काढून कटर लावा आणि १२ मिलिमीटरचा प्लायवुड कापायला सांगा. मशीन थरथरतं, कानठळ्या बसवणारा आवाज येतो, कडा उंदराने कुरतडल्यासारखी निघते आणि वर्तुळाचा बटाटा होतो. मग मोटरला शिव्या, ड्रायव्हरला शिव्या, कोडला शिव्या. सांगाड्याकडे मात्र कुणी वळून बघत नाही.

आम्ही चौघांनी मिनी प्रोजेक्टसाठी राउटर करायचं ठरवलं तेव्हा अट एकच होती, मशीनने लाकूड कापलं पाहिजे. पैसे चौघांच्या पॉकेटमनीतले, त्यामुळे फ्रेम दुसऱ्यांदा करणं परवडणारच नव्हतं. प्रोग्रॅममधली चूक रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या खोलीत बसून सुधारता येते. वेल्ड केलेली फ्रेम मात्र ग्राइंडरनेच सुटते! म्हणून आम्ही इलेक्ट्रॉनिक्सला हात लावण्याआधी तीन आठवडे फक्त फ्रेमवर घालवले. त्यातून जे हाती आलं ते इथे सांगते.

ज्यांची ब्रँच मेकॅनिकल नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. राउटर म्हणजे एक टेबल, त्यावर पुढे-मागे सरकणारी कमान (हिला गॅन्ट्री म्हणतात), कमानीवर डावी-उजवीकडे सरकणारी गाडी आणि त्या गाडीवर वर-खाली होणारी कटरची मोटर, म्हणजे स्पिंडल. कटर लाकडाला ढकलतो तेव्हा लाकूडही कटरला तेवढ्याच जोराने ढकलतं. न्यूटनचा तिसरा नियम, बारावीत घोकलेला. हा जोर शेवटी फ्रेमवर येतो.

आता मुख्य मुद्दा. मजबूत आणि ताठ हे दोन वेगळे गुण आहेत. आपल्या हॉस्टेलची लोखंडी कॉट घ्या. चौघं बसले तरी ती तुटत नाही, पण मधे झोळी होते. म्हणजे कॉट मजबूत आहे, ताठ नाही. राउटरची फ्रेम तुटण्याची भीती जवळपास नसतेच. भीती असते ती वाकण्याची, तीही मिलिमीटरच्या दहाव्या भागाने.

यावर आमच्यातला एक म्हणाला, "मग भारीतलं स्टील आणू." पण ताठपणा ज्या आकड्यावर ठरतो, तो यंग्ज मॉड्युलस, साध्या एमएसचाही सुमारे २०० गिगापास्कल आणि महागड्या हाय टेन्साइल स्टीलचाही जवळपास तेवढाच. जास्त पैसे देऊन मजबुती मिळते, ताठपणा नाही. ॲल्युमिनियमचा आकडा सुमारे ७०. त्याचे तयार प्रोफाइल नटबोल्टने जोडता येतात, वेल्डिंगची कटकट नाही, हे खरं. पण आमच्या बजेटमध्ये त्याचे बारीक तुकडेच बसत होते. गेट-ग्रिलवाले वापरतात तो स्क्वेअर पाइप मात्र किलोवर मिळतो, त्यामुळे मत स्टीलला पडलं.

मग पाइप केवढा घ्यायचा? इथे गणिताने आमचं भांडण मिटवलं. वाकण्याला होणारा विरोध मटेरियल किती यापेक्षा ते मध्यापासून किती लांब आहे यावर जास्त ठरतो. आम्ही तीन पाइप कागदावर मांडले. गॅन्ट्रीची लांबी ८०० मिलिमीटर, दोन्ही टोकं टेकलेली, मधोमध २०० न्यूटन, म्हणजे साधारण २० किलोचा जोर.

५० बाय ५० चा, ३ मिलिमीटर जाडीचा पाइप ०.०५१ मिलिमीटर वाकतो. तोच पाइप ५ मिलिमीटर जाडीचा घेतला तर ०.०३५. आणि ७५ बाय ७५ चा, ३ मिलिमीटर जाडीचा घेतला तर फक्त ०.०१४! गंमत म्हणजे हा तिसरा पाइप दुसऱ्यापेक्षा वजनाला किंचित हलकाच भरतो. म्हणजे तेवढ्याच लोखंडात अडीचपट ताठपणा. तेव्हा पत्रा जाड करण्याआधी पाइप मोठा करा.

दुसरा धडा लांबीचा. वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. गॅन्ट्री दुप्पट लांब केली की ती आठपट वाकते. "जरा मोठंच करू, पूर्ण दरवाजा बसेल" असं म्हणणाऱ्या मित्राला हे वाक्य ऐकवा.

तिसरा धडा पिळाचा, आणि हा बहुतेक जण विसरतात. कटर गॅन्ट्रीच्या खाली लोंबकळत असतो, त्यामुळे त्याच्यावरचा जोर गॅन्ट्रीला नुसता वाकवत नाही, पिळतोही. टूथपेस्टचा रिकामा खोका घ्या, दोन्ही टोकं चिकटवा आणि पिळून बघा. सहज पिळला जात नाही. आता एका कडेने लांबीभर चीर द्या आणि पुन्हा पिळा. लगेच फरक कळेल. ५० च्या ३ मिलिमीटर पाइपला अशी चीर दिली तर हिशेबाने पिळाचा विरोध शंभरपटीहून जास्त घटतो. म्हणून गॅन्ट्रीला अँगल किंवा चॅनल नको, चारी बाजूंनी बंद पाइपच हवा.

कागद संपला की वर्कशॉप सुरू. वेल्ड थंड होताना आकसतो आणि पाइपला आपल्याकडे ओढतो. एक कोपरा पूर्ण वेल्ड करून पुढच्याकडे गेलात तर चौकोनाचा पतंग होतो. आपल्या वेल्डिंग शॉपच्या काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "पोरी, आधी सगळीकडे नुसते टाके मार. माप घे. मग वेल्ड." टाके मारल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे. समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील आणि कर्णही सारखे भरले तर कोपरे काटकोनात. नंतर थोडं इथे, थोडं समोरच्या कोपऱ्यात, असं आलटून-पालटून वेल्ड करायचं. ट्राय-स्क्वेअरला मराठीत गुण्या म्हणतात हेही मला इथेच कळलं.

पण कर्ण सारखे असूनही फ्रेम पिळलेली असू शकते, एखाद्या लंगड्या टेबलासारखी. त्यावर दोऱ्याची युक्ती आहे. समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दोन दोरे ताणून बांधा. फ्रेम सपाट असेल तर मधे ते एकमेकांना जेमतेम टेकतात. फट पडली किंवा दोरा दोऱ्यावर दाबला गेला, तर पीळ आहे. मधे १ मिलिमीटर फट म्हणजे एक कोपरा बाकी तिघांच्या पातळीपासून २ मिलिमीटर ढळलेला.

एवढं करूनही पाइपचा पृष्ठभाग लिनिअर रेल बसवण्याइतका सपाट नसतो. कारखान्यात फ्रेम सुमारे ६०० अंश सेल्सिअसला तापवून हळूहळू थंड करतात, म्हणजे वेल्डिंगचे ताण निघतात, आणि मग रेलच्या जागा मशीनवर कापतात. ती सोय आपल्याकडे कुठली? आम्ही पाइपवर दोन्ही कडांना पुठ्ठ्याचा बांध घालून मधे पातळ इपॉक्सी ओतलं. ते पाण्यासारखं पसरतं आणि स्वतःच पातळी धरून घट्ट होतं. दोन्ही बाजूंचे पाइप एका छोट्या पाटाने जोडले, म्हणजे दोघांची पातळी एकच राहिली. टेबलाखालच्या पाइपांत कोरडी वाळू भरली, त्याने थरथर जिरते. गॅन्ट्रीत मात्र वाळू भरू नका, तिला मोटर पळवते.

शेवटी परीक्षा. स्प्रिंग बॅलन्सने कटरच्या टोकाला १० किलोचा ओढा दिला आणि डायल गेज लावला. टोक ०.०८ मिलिमीटर हललं. तेवढ्या ओढ्याला नुसता गॅन्ट्रीचा पाइप हिशेबाने ०.०१ सुद्धा वाकत नाही. मग बाकीचं कुठून आलं? डायल एकेका भागावर सरकवत गेलो तेव्हा कळलं, बरंचसं स्पिंडल धरणाऱ्या पातळ प्लेटमधून येत होतं. साखळीची कमजोर कडी अशी मोजूनच सापडते. ती प्लेट आता १२ मिलिमीटरची करतो आहोत.

तोवर प्लायवुड मात्र कापला जातोय आणि वर्तुळही वर्तुळच येतंय. पुढच्या वर्षी ज्यांना राउटर करायचा आहे त्यांनी आधी ड्रॉइंग घेऊन वर्कशॉपमध्ये या. डायल गेज आणि दोरा आम्ही देऊ, टूथपेस्टचा खोका आपला आपण आणा!