भिंतीआड लागलेली गोळी



दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालय सुरू झाले, त्याच दिवशी माझे दोन विद्यार्थी भांडत भांडतच प्रयोगशाळेत शिरले. सुट्टीत एक जण शहरातल्या वसतिगृहातच राहिला होता, दुसरा आपल्या गावी गेला होता. रोज रात्री दोघे इंटरनेटवरून लढाईचा खेळ खेळत. भांडण होते एका गोळीवरून.

"सर, मी पळत पळत भिंतीआड गेलो होतो. चांगला एक पाऊल आत होतो. तरी याची गोळी मला लागली. भिंतीतून गोळी जाते का कधी?" वसतिगृहातला म्हणाला.

"सर, हा मला उघड्यावर स्पष्ट दिसत होता. नेम धरूनच मी गोळी झाडली," गावाकडचा म्हणाला.

मी दोघांना बाकावर बसवले आणि सांगितले, "तुम्ही दोघेही खरे बोलता आहात." दोघेही माझ्याकडे पाहतच राहिले. तुम्हालाही हे उत्तर चमत्कारिक वाटेल. म्हणून आज आपण या गोळीचा नीट तपास करू. त्यासाठी शाळेत शिकलेला वेग, अंतर आणि वेळ यांचा संबंध पुरेसा आहे.

मैदान कोठे आहे?

पहिला प्रश्न असा, की हा खेळ चालतो कोठे? तुमच्या मोबाइलवर? नाही. मित्राच्या मोबाइलवर? तेथेही नाही. खरे मैदान असते दूरच्या एका संगणकात. त्याला सर्व्हर म्हणतात. प्रत्येक खेळाडूचे यंत्र सर्व्हरला कळवत राहते, 'मी उजवीकडे वळलो', 'मी गोळी झाडली'. सर्व्हर सगळ्यांच्या खबरा गोळा करतो, कोण कोठे आहे ते ठरवतो आणि सर्वांना उलट कळवतो. काही खेळांत हे काम सेकंदाला ६४ वेळा, तर काहींत १२८ वेळा चालते.

म्हणजे पडद्यावर आपल्याला मैदान दिसत नाही, मैदानाहून आलेले पत्र दिसते. आणि पत्र म्हटले की प्रवास आला, प्रवास म्हटला की वेळ आला.

प्रकाशालाही वेळ लागतो

ही खबर बहुतेक अंतर काचेच्या बारीक तंतूंमधून, प्रकाशाच्या रूपाने कापते. निर्वात पोकळीत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो. तंतूच्या काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ आहे, म्हणून काचेत हाच वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर उरतो. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्या वेळात प्रकाश तंतूतून २०० किलोमीटर जातो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचे सगळे हिशेब तोंडी करता येतील.

समजा, तुम्ही मुंबईत आहात आणि सर्व्हर सिंगापूरला आहे. सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. जाऊन येऊन झाले ७,८००. भागिले २००, म्हणजे ३९ मिलिसेकंद. यंत्रे कितीही महाग घ्या, काचेच्या तंतूतून याहून लवकर उत्तर मिळणे शक्य नाही. प्रत्यक्षात समुद्राच्या तळावरील केबल भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जाते, त्यामुळे अंतर वाढते आणि वेळही वाढतो. याच कारणाने खेळ चालवणाऱ्या कंपन्या खेळाडूंच्या जवळ, निरनिराळ्या देशांत सर्व्हर ठेवतात.

या जाण्यायेण्याच्या वेळेला खेळाडू 'पिंग' म्हणतात. हा शब्द पाणबुडीकडून आलेला आहे. पाण्यात ध्वनीचा ठोका सोडायचा आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचे, हे सोनारचे तत्त्व. तीच कल्पना घेऊन अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये संगणकाच्या जाळ्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला 'पिंग' हे नाव दिले.

रुंद रस्ता आणि लांब रस्ता

प्रवासाखेरीज आणखी एक विलंब असतो, तो रांगेचा. वाटेतील प्रत्येक राऊटर हा जणू टोलनाका. गर्दी नसेल तर खबर लगेच पुढे जाते, गर्दी असेल तर थांबते. तुम्ही खेळत असताना घरात कोणी मोठा चित्रपट उतरवून घेत असेल, तर तुमची चिमुकली खबर त्या चित्रपटाच्या तुकड्यांमागे ताटकळत उभी राहते. मोबाइलवर तर टॉवरकडून आपली पाळी येण्याची वाटही पाहावी लागते. शिवाय हा विलंब दर वेळी सारखा नसतो, आत्ता ४० मिलिसेकंद तर पुढच्या क्षणी १४०. अशा वेळी पडद्यावरचे गडी अडखळत, उड्या मारत चालल्यासारखे दिसतात.

येथे अनेकांची एक गैरसमजूत होते. खेळ अडखळतो म्हणून ते अधिक 'स्पीड'चे इंटरनेट घेतात. पण ज्याला आपण स्पीड म्हणतो ती खरी रस्त्याची रुंदी आहे, एका वेळी किती माहिती जाऊ शकेल त्याचे माप. रस्ता रुंद केला तर गाड्यांची रांग कमी होईल, परंतु रस्ता रुंद केला म्हणून पुणे काही मुंबईच्या जवळ सरकत नाही. लढाईच्या खेळातील खबरा अगदी लहान असतात. त्यांना रुंदीपेक्षा लांबी नडते.

खेळाडूला थांबवायचे नाही

आता खेळ तयार करणाऱ्यांपुढची अडचण पाहा. तुम्ही पळण्याची कळ दाबली. खबर सर्व्हरकडे जाऊन उत्तर येईपर्यंत पडद्यावरचा गडी जागचा हललाच नाही, तर असा खेळ कोण खेळेल? १९९६ मध्ये निघालेल्या 'क्वेक' या खेळात इंटरनेटवरून खेळणाऱ्यांना हाच त्रास होई. त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'क्वेकवर्ल्ड' ही सुधारित आवृत्ती आली. तिच्यात जॉन कारमॅक यांनी युक्ती केली, की सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता खेळाडूच्या यंत्रानेच अंदाज बांधून गडी ताबडतोब हलवायचा. सर्व्हरचे उत्तर मागाहून येईल, अंदाज चुकलेला दिसला तर तेव्हा दुरुस्त करायचा. खेळताना आपला गडी कधी कधी एकदम मागे खेचला जातो ना? ती हीच दुरुस्ती.

युक्ती उत्तम. पण तिचा परिणाम ध्यानात घ्या. पडद्यावर तुम्ही स्वतः दिसता 'आत्ताचे' आणि बाकीचे सगळे दिसतात 'मघाचे'. एकाच पडद्यावर दोन निरनिराळ्या वेळा!

गोळीचा हिशेब

आता आपल्या भांडणाकडे वळू. हिशेब सोपा व्हावा म्हणून काही आकडे मानू आणि बारीकसारीक विलंब सोडून देऊ. पळणाऱ्याची खबर सर्व्हरला पोचायला २० मिलिसेकंद लागतात. गावाकडच्या नेमबाजाला ६० मिलिसेकंद लागतात, जाताना ६० आणि येताना ६०. पळणाऱ्याचा वेग सेकंदाला ५ मीटर, म्हणजे एका मिलिसेकंदात अर्धा सेंटिमीटर. त्याने स्वतःच्या पडद्यावर भिंतीची कड ओलांडली, तो क्षण शून्य धरू.

ही खबर सर्व्हरला २० व्या मिलिसेकंदाला मिळाली आणि नेमबाजाला ८० व्या. म्हणजे ८० व्या मिलिसेकंदापर्यंत नेमबाजाच्या पडद्यावर तो उघड्यावरच आहे. नेमबाजाने ७० व्या मिलिसेकंदाला गोळी झाडली. त्या वेळी त्याला शत्रू भिंतीच्या कडेपासून ५ सेंटिमीटर अलीकडे दिसत होता. नेम बिनचूक होता.

गोळीची खबर सर्व्हरकडे पोचली १३० व्या मिलिसेकंदाला. त्या क्षणी सर्व्हरच्या मैदानात पळणारा कडेपासून ५५ सेंटिमीटर आत गेलेला आहे. आता निकाल काय द्यायचा?

क्रिकेटमध्ये अशा वेळी तिसऱ्या पंचाला विचारतात. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बन कसोटीत सचिन तेंडुलकर धावचीत झाला, तो तिसऱ्या पंचाने बाद दिलेला पहिला फलंदाज. तिसरा पंच चित्रफीत मागे नेतो आणि नेमक्या क्षणी काय होते ते पाहतो. अनेक खेळांतील सर्व्हर हेच करतो. घडून गेलेल्या काही क्षणांची नोंद त्याच्यापाशी असते. नेमबाजाचा विलंब त्याला ठाऊक असतो. म्हणून तो सारे मैदान १२० मिलिसेकंद मागे नेतो, गोळी झाडताना नेमबाजाला जे दिसत होते ते दृश्य पुन्हा उभे करतो आणि पाहतो, की गोळी लागली!

हा निकाल पळणाऱ्याला कळला १५० व्या मिलिसेकंदाला. तोवर स्वतःच्या पडद्यावर तो ७५ सेंटिमीटर, म्हणजे चांगला एक पाऊल, भिंतीआड होता. गोळी भिंतीतून आली नाही. ती त्याच्या भूतकाळातून आली.

मग अन्याय कोणावर?

तुम्ही म्हणाल, सर्व्हरने मैदान मागे नेऊच नये. ठीक आहे. मग पळणारा वाचेल, पण बिनचूक नेम धरणाऱ्या नेमबाजाची गोळी वाया जाईल. त्याला शत्रूवर नेम न धरता, तो पुढे कोठे असेल त्या मोकळ्या जागेवर धरावा लागेल. दूर गावात राहणाऱ्यावर हा कायमचा अन्याय. उलट मैदान हवे तेवढे मागे नेले, तर ज्याची जोडणी सर्वांत मंद त्याच्या गोळ्या फार जुन्या काळात जाऊन इतरांना मारतील. म्हणून मागे किती जायचे यावर मर्यादा घालतात.

क्रिकेटच्या पंचापुढे निदान एकच सामना असतो. सर्व्हरपुढे दोन सामने आहेत, दोन्ही प्रामाणिक आणि दोन्ही एकमेकांशी न जुळणारे. विलंब निसर्गाने घातलेला आहे, तो काही केल्या शून्य होत नाही. माणसाच्या हाती एवढेच आहे, की त्याचा भार कोणावर किती टाकायचा ते ठरवणे. आणि हा प्रश्न भौतिकशास्त्राचा नाही, न्यायाचा आहे.

करून पाहा

मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी टांगायला सांगा. शून्याच्या खुणेपाशी, तिला स्पर्श न करता, अंगठा आणि बोट उघडे ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडताच ती पकडा. पट्टी जेवढी घसरली ते अंतर मोजा आणि s = ½gt² या सूत्राने वेळ काढा. पट्टी २० सेंटिमीटर घसरली, तर तुम्हाला ०.२ सेकंद, म्हणजे २०० मिलिसेकंद लागले. हा तुमच्या डोळ्याचा, मेंदूचा आणि हाताचा स्वतःचा विलंब! जोडणीला दोष देण्यापूर्वी तो जरूर मोजावा.

आणि एक उदाहरण घरी सोडवा. चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. पृथ्वीवरच्या आणि चंद्रावरच्या खेळाडूंनी सामना खेळायचा ठरवला आणि सर्व्हर पृथ्वीवर ठेवला, तर चंद्रावरच्या खेळाडूचा पिंग कमीत कमी किती असेल? सर्व्हर कोठे ठेवला म्हणजे दोघांना सारखा न्याय मिळेल?

माझ्या त्या दोन विद्यार्थ्यांनी हिशेब फळ्यावर पुन्हा मांडून पाहिला. लबाडीचा आरोप पळणाऱ्याने मागे घेतला. भांडण मात्र मिटले नाही. सर्व्हरने किती मिलिसेकंद मागे जावे, यावर दोघे तास संपेपर्यंत वाद घालत होते. मी त्यांना थांबवले नाही.