६६४ मधले ३४९

लग्नकार्यात पंगत बसायची असते, पुरुष मंडळी खुर्च्या ओढून गोलात बसतात आणि क्रिकेटचा विषय हमखास निघतो. अशा वेळी मी एक प्रश्न हळूच पुढे सरकवतो. शारदाश्रमच्या त्या ६६४ धावांच्या भागीदारीत जास्त धावा कोणाच्या? बहुतेक जण क्षणभरही न थांबता सचिनचे नाव घेतात. खरे उत्तर असे, की सचिन तेंडुलकर नाबाद ३२६ आणि विनोद कांबळी नाबाद ३४९.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदानावर हॅरिस शिल्डचा उपांत्य सामना, समोर सेंट झेवियर्स. झेवियर्सच्या त्या संघात पुढे कसोटी खेळलेला साईराज बहुतुले होता, म्हणजे गोलंदाजी अगदीच पोरकट होती असे नव्हे. विनोद सोळा वर्षांचा, सचिन चौदाचा. डाव ७४८ वर घोषित झाला तोही आचरेकर सरांनी फोनवरून दटावले म्हणून. विनोदला ३५० साठी एकच धाव हवी होती; पण फोन हातात आल्यावर सरांपुढे त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, असा किस्सा सांगितला जातो. मग या पोराने चेंडू हातात घेतला आणि ३७ धावांत सहा बळी काढले. हा भाग तर कोणाच्याच लक्षात नसतो. २००६ मध्ये हैदराबादच्या दोन मुलांनी ७२१ धावा करून तो विक्रम मोडला, पण मुंबईकराच्या तोंडी आकडा राहिला तो ६६४ हाच.

विनोद कांजूरमार्गचा. सकाळच्या गर्दीत मध्य रेल्वेच्या डब्यात किटची बॅग घेऊन शिरणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. (बॅगवाल्याला मिळणारी विशेषणे इथे छापण्यासारखी नाहीत.) सचिनला नोव्हेंबर १९८९ मध्ये कसोटीची टोपी मिळाली. विनोदला त्यानंतर तीन वर्षांहून अधिक थांबावे लागले. रणजी स्पर्धेत पहिल्याच चेंडूवर त्याने षटकार मारला होता आणि मला नेहमी वाटते, की त्या षटकाराने त्याचे कौतुक झाले तसे नुकसानही झाले. हा फटकेबाज, हौशी, मनमौजी असा शिक्का बसला तो बसलाच.

आणि मग आले १९९३. १८ जानेवारीला, आपल्या एकविसाव्या वाढदिवशी, जयपूरच्या एकदिवसीय सामन्यात त्याने इंग्लंडविरुद्ध नाबाद १०० केल्या. सामना मात्र इंग्लंडने शेवटच्या चेंडूवर जिंकला. त्याच महिन्याअखेर कोलकात्यात कसोटी पदार्पण झाले, पण धावा बेताच्याच. चेन्नईत ५९. तिसरी कसोटी वानखेडेवर.

त्या वेळची मुंबई ज्यांनी पाहिली त्यांना वेगळे सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीच्या दंगली नुकत्या शमल्या होत्या. अंधार पडायच्या आत घरी यायची सवय अजून सुटली नव्हती. घरच्यांचा विरोध पत्करून मी त्या रविवारी वानखेडेवर गेलो होतो. कितीतरी दिवसांनी इतकी माणसे एका जागी, एकमेकांकडे संशयाने न बघता बसलेली दिसली. आणि मधोमध हा डावखुरा पोरगा. एम्बुरी आणि टफनेल यांच्या फिरकीला तो पाय असे पुढे टाकत सामोरा जाई, की चेंडू वळायचा कधी याचीच सोय उरू नये. पण माझ्या लक्षात राहिले ते त्याचे थांबणे. दहा तासांहून अधिक वेळ तो खेळला आणि २२४ केल्या. मनमौजी माणूस दहा तास उभा राहत नाही.

मार्चच्या १२ तारखेला बाँबस्फोटांनी शहर हादरले. दुसऱ्याच दिवशी दिल्लीत झिंबाब्वेविरुद्धची कसोटी सुरू झाली आणि तिथे विनोदने २२७ केल्या. सलग दोन डावांत द्विशतके म्हटल्यावर हॅमंड, ब्रॅडमन यांची नावे निघू लागली. श्रीलंकेत पुढच्या डावात १२५, आणि कोलंबोतल्याच पुढच्या कसोटीत १२०. पहिल्या सात कसोटींत चार शतके, त्यांतली दोन द्विशतके!

पुढचे लवकर उरकतो, कारण ते उरकलेही तसेच लवकर. १९९४ च्या एप्रिलमध्ये शारजात त्याने शेन वॉर्नच्या एका षटकात २२ धावा कुटल्या. पण वर्षाअखेर वेस्ट इंडिजचा संघ आला आणि वॉल्शच्या उसळत्या चेंडूंपुढे तो गांगरला. मालिकेत एकही अर्धशतक नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये कटकला न्यूझीलंडविरुद्ध तो शेवटची कसोटी खेळला. १७ कसोटी, १०८४ धावा, सरासरी ५४.२०. वय वर्षे तेवीस.

त्याच्या गळ्यातल्या साखळ्या, कानातली कुडी आणि जागरणे यांवर इतके लिहिले गेले आहे की मी भर घालणार नाही. त्याचे काहीच चुकले नाही असे माझे म्हणणे नाही. पण उसळत्या चेंडूने कोणाला छळलेले नाही? मोहिंदर अमरनाथ १९८३-८४ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध सहा डावांत मिळून एक धाव करू शकला होता. पुढच्याच मोसमात त्याला पुन्हा घेतले आणि त्याने लाहोरला शतक ठोकले. विनोदला कसोटीत अशी दुसरी हाक आली नाही. वयाच्या तेविसाव्या वर्षी फलंदाजाला आपले दोष नुकते कळायला लागलेले असतात.

लोकांच्या मनात १९९६ च्या विश्वचषकाचा उपांत्य सामना आहे. ईडन गार्डन्सवर पेटवलेले कागद आणि रडत परतणारा विनोद. शाळकरी विक्रम आणि ते अश्रू या दोन चित्रांच्या मधे १९९३ साल दडपून गेले. नंतर तो रणजीत खेळत राहिला, धावा करत राहिला. प्रथम श्रेणीत १२९ सामने, साठच्या जवळपास सरासरी, ३५ शतके आणि ९९६५ धावा. दहा हजारांना ३५ कमी.

२०२४ च्या मार्चमध्ये धरमशालेला यशस्वी जैस्वालने कसोटीतल्या हजार धावा पूर्ण केल्या, सोळाव्या डावात. टीव्हीवर भारतीयांची यादी झळकली. सर्वांत वर विनोद कांबळी, डाव १४. पुतण्या माझ्याशेजारीच बसला होता. ‘काका, हा किती कसोटी खेळला?’ मी म्हटले, सतरा.

‘एकशे सतरा?’ त्याने विचारले.