चाकाखालच्या वाळूचं शास्त्र

1920 चं दशक संपत आलं होतं. इजिप्तच्या पश्चिम भागात, ऐन दल्ला या झऱ्याच्या पलीकडे, राल्फ बॅग्नॉल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी आपली फोर्ड मॉडेल ए मोटार घेऊन वाळूच्या काठाशी पोचला. समोर होता ‘ग्रेट सँड सी’. सुमारे 72 हजार चौरस किलोमीटर नुसती वाळू, तिच्या शेकडो किलोमीटर लांब समांतर रांगा, आणि त्यातल्या काही टेकड्या शंभर मीटरहून उंच. मोटारीने हे ओलांडता येत नाही, असंच तोवर सगळे धरून चालले होते. बॅग्नॉल्डने वेग ताशी 65 किलोमीटरच्या आसपास नेला आणि गाडी सरळ चढावर घातली. ती रुतेल अशी धास्ती होती. पण चाकांनी वाळूवर जेमतेम ठसा उमटवला आणि गाडी वर जाऊन पोचली.

साहसकथा म्हणून हे थरारक आहेच. पण मला बॅग्नॉल्ड मोठा वाटतो तो पुढच्या प्रश्नामुळे. ही वाळू इथे एक टनाची गाडी पेलते आणि चार पावलांवर तीच गाडी आसापर्यंत गिळते, असं का? 1935 मध्ये लष्करातून बाहेर पडल्यावर त्याने लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये वाऱ्याचा बोगदा उभारला, त्यात वाळू उडवून मोजली, आणि 1941 मध्ये ‘द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. वाळूच्या अभ्यासकांना तो आजही चुकवता येत नाही. वाहत्या वाळूच्या आधुनिक शास्त्राचं मूळ असं मोटार रुतू नये म्हणून केलेल्या निरीक्षणांत आहे. आज जुनी जीप घेऊन जैसलमेरच्या पलीकडे जाणाऱ्या माणसाला गॅरेजमधल्या पान्यांइतकंच हे शास्त्र उपयोगी पडतं.

टेकडीची वाऱ्याकडची बाजू उतरती, सौम्य असते. तिथे कण उड्या मारत येतात आणि आधीच्या कणांवर एकेक करून आपटत बसतात. प्रत्येक आघाताने रचना आणखी गच्च होते. माथ्यापलीकडे, वाऱ्याच्या आडोशाला, वाळू नुसती ओघळून पडते आणि 33-34 अंशांच्या उतारावर कशीबशी थांबते. हिची रचना पोकळ. दोन्हीकडे कण तेच, पण एकीकडे रस्ता असतो आणि दुसरीकडे सापळा. थरच्या वाळवंटात वाळू हलवणारा मुख्य वारा उन्हाळ्यात नैऋत्येकडून येतो. म्हणून ढोबळ मानाने नैऋत्येची बाजू चढायची आणि ईशान्येची बाजू उतरायची. माथ्यावर पोचण्याआधी गाडी थांबवून पायी वर जावं, पलीकडे काय आहे ते बघून यावं. न बघता माथा ओलांडणं हा अडाणीपणा आहे, त्याला धाडस म्हणू नये.

गच्च वाळू भार का पेलते, याचं उत्तर ऑस्बर्न रेनॉल्ड्सने 1885 मध्येच दिलं होतं. घट्ट रचलेले कण एकमेकांवरून सरकायचे तर आधी त्यांना एकमेकांपासून थोडं दूर व्हावं लागतं, म्हणजे सगळा थर फुगावा लागतो. वरचं वजन त्या फुगण्याला विरोध करतं, आणि तीच वाळूची ताकद. गुहागर किंवा मालवणच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत पाय रोवला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते. कणांमधल्या फटी रुंदावतात आणि पाणी आत खेचलं जातं, म्हणून तसं दिसतं. चाक जागच्या जागी गरगर फिरलं की ही गच्च रचना मोडते आणि खाली उरते ती पोकळ वाळू. म्हणून रुतलेल्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबणं म्हणजे आपल्याच चाकाने आपला खड्डा खणणं. उतरावं, चाकांपुढची वाळू हाताने दूर करावी, खाली फळ्या घालाव्यात. बॅग्नॉल्डच्या गाड्यांवर यासाठी पोलादी पन्हळी बांधलेल्या असत.

टायरमधली हवा तर हिशेबानेच पटते. माणसं आणि सामान धरून जुन्या जीपचं वजन 1200 किलो मानू. एका चाकावर 300 किलो. टायरमध्ये 30 पौंड हवा असेल, तर ती दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 2.1 किलोचा दाब देते. हा भार पेलायला टायर साधारण 140 चौरस सेंटीमीटर जमिनीवर टेकतो. हवा 15 पौंडांवर आणली की टेकणारी जागा जवळपास दुप्पट होते आणि वाळूवरचा दाब निम्मा. टायरची भिंतही थोडा भार उचलते, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, पण दिशा हीच. टायर यात रुंद कमी आणि लांब जास्त होतो, आणि लांब ठशाने वाळूत खोल चरी पडत नाही. जुन्या जीपवर मात्र एक काळजी घ्यायची. तिच्या टायरमध्ये ट्यूब असते. हवा फार उतरवली आणि जोरात क्लच सोडला, तर टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि वॉल्व्ह मुळापासून तुटतो. आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी पुन्हा हवा भरायचीच. मऊ टायर वेगात सतत दुमडतो, तापतो आणि फाटतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपच्या जोडणीला सुरुवात केली, आणि उंच बॉनेटची सीजे थ्री बी पुढे कित्येक वर्षं इथेच तयार होत राहिली. त्यातल्या बऱ्याच गाड्या अजून चालतात. या जीपचं मोठं सुख म्हणजे तिच्यातली प्रत्येक क्रिया डोळ्यांना दिसते. पाणी कुठून कुठे जातं, पेट्रोल कुठे थांबलं, ठिणगी कुठे पडते, हे बॉनेट उघडून बोटाने दाखवता येतं. मुलांना उष्णताशास्त्र शिकवायला याहून चांगली प्रयोगशाळा मला माहीत नाही.

वाळवंटात रेडिएटरचं पाणी आणि पिण्याचं पाणी एकाच साठ्यातून येतं. मऊ वाळूत इंजिन पूर्ण जोर लावतं, पण गाडी हळू चालते. त्यात वारा पाठीमागून असला की रेडिएटरमधून हवा नीट जातच नाही आणि पाणी उकळतं. बॅग्नॉल्डच्या काळात ती वाफ झाकणाजवळच्या नळीने बाहेर जाई आणि पाणी कायमचं हातचं जाई. त्याने ती नळी गाडीच्या कडेला बांधलेल्या, अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या डब्यात बुडवली आणि बाकीच्या सगळ्या वाटा बंद केल्या. वाफ डब्यातल्या पाण्यात शिरून तिचं पुन्हा पाणी होई. डब्यालाही उकळी फुटली की गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची. रेडिएटर निवतो, आतली वाफ आकसते, पोकळी तयार होते आणि डब्यातलं पाणी गुडगुडत आपोआप परत ओढलं जातं. यात ना पंप, ना झडप. आजच्या मोटारींमधली कूलंटची प्लॅस्टिकची टाकी याच तत्त्वावर पाणी घेते आणि परत देते. उकळण्याला घाबरायचं कारण नाही, हे यामागचं मर्म. एक लिटर उकळत्या पाण्याची वाफ व्हायला जी उष्णता लागते, ती तेच पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला लागणाऱ्या उष्णतेच्या पाचपटीहून जास्त असते. उकळतं पाणी इंजिनातली उष्णता फार चांगली ओढून घेतं. घात होतो तो पाणी निघून गेल्याने.

पेट्रोलचं उलट आहे, ते उकळून चालत नाही. जीपचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. एप्रिल-मेच्या दुपारी नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप ती वाफच दाबत बसतो आणि गाडी झटके देत बंद पडते. पंपावर ओला फडका टाकायचा आणि थांबायचं, हा आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांचा उपाय शास्त्राला धरूनच आहे, कारण फडक्यातलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. बॅग्नॉल्डच्या मॉडेल ए फोर्डला हा त्रास नव्हता. तिची टाकी काचेच्या पुढे, कार्बोरेटरच्या वर होती आणि पेट्रोल नुसत्या उताराने खाली येई. आता आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. जुन्या पंपाच्या रबरी पडद्याला आणि नळ्यांना ते मानवत नाही, त्या फुगतात आणि ठिसूळ होतात. निघण्याआधी इथेनॉल सोसणारे पडदे आणि नळ्या बसवून घ्याव्यात. हा खर्च टाळू नये.

धूळ हा इंजिनाचा खरा शत्रू. उड्या मारत जाणारी वाळू बहुतेक जमिनीलगत, गुडघ्याच्या आसपास राहते. वर तरंगते ती बारीक धूळ, आणि तिच्यात क्वार्ट्झचे कण असतात. क्वार्ट्झची कठीणता मोह्सच्या मापावर 7, म्हणजे सिलिंडरच्या लोखंडाहून जास्त. जुन्या जीपच्या एअर क्लीनरच्या तळाशी तेल असतं. आत येणाऱ्या हवेला तिथे एकदम वळावं लागतं. हवा वळते, जड कण सरळ जाऊन तेलात अडकतात. रचना साधी, पण तेल गढूळ झालं की कुचकामी. वाळवंटात रोज संध्याकाळी ते बघायचं, गाळ बसला असेल तर बदलायचं. दुसऱ्या गाडीच्या मागे जाताना तिची धूळ खाली बसेल इतकं अंतर ठेवायचं.

जुनी जीप विकत घेताना ती कुठे राहिली आहे ते विचारावं. लोखंड गंजायला पाण्याचा थर लागतो, आणि हवेतलं मीठ तो थर ओढून धरतं. अलिबाग-रत्नागिरीकडची गाडी रंगाखालून, चासीच्या पोकळीतून सडते. राजस्थानातल्या गाडीचा पत्रा खणखणीत असतो, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि ओझोनने रबर तडकलेलं असतं. टायरवर नक्षी भरपूर आहे म्हणून फसू नये, बाजूच्या भिंतीवरच्या भेगा बघाव्यात. दुसऱ्या महायुद्धात बॅग्नॉल्डने उभारलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपचा एक शेवरले ट्रक लिबियाच्या वाळूत कित्येक दशकं पडून होता. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने तो सापडला तसाच, दुरुस्त न करता ठेवला आहे, हे मला फार योग्य वाटतं.

त्या तुकडीच्या चाकांचे माग लिबिया-इजिप्तच्या खडीच्या मैदानांवर आजही दिसतात. वाळूच्या टेकडीवरचा ठसा वारा लवकरच पुसतो. पण खडीचा किंवा मातीचा कडक पापुद्रा एकदा फुटला की तो पुन्हा जमायला दशकं जातात. थरमध्ये याला आणखी एक बाजू आहे. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे आपल्याला ओळखीचा असलेला माळढोक आता मुख्यत्वे जैसलमेरच्या परिसरातच उरला आहे, आणि त्याची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. गवताळ माळावर मळलेली वाट सोडून जीप घालण्याचा हक्क कुणालाच नाही, मग गाडी कितीही हौसेने जपलेली असो.

मंगळावर हीच वाळू पुन्हा आडवी आली. 2009 मध्ये नासाची स्पिरिट गाडी वरचा कडक पापुद्रा फुटून मऊ मातीत रुतली. कॅलिफोर्नियात तशीच माती पसरून अभियंत्यांनी दुसऱ्या गाडीवर सुटकेचे प्रयोग केले, पण स्पिरिट निघाली नाही, आणि मार्च 2010 नंतर तिचा संदेश आला नाही. 2015 च्या अखेरीस क्युरिऑसिटी गाडी गेल विवरातल्या वाळूच्या टेकड्यांपाशी पोचली. त्या टेकड्यांना बॅग्नॉल्डचंच नाव दिलेलं आहे. क्युरिऑसिटीची चाकं ॲल्युमिनियमची आहेत. त्यांत हवा नाही, त्यामुळे ती उतरवून ठसा लांब करण्याची सोयही नाही. नासाचं ग्लेन संशोधन केंद्र यासाठी निकेल-टायटॅनियमच्या तारांचा जाळीदार टायर विकसित करत आहे. तो दगडावर खोल दबतो, वाळूवर पसरतो आणि भार उतरला की मूळ आकाराला येतो.