गरम पाण्याचाच कॉक का अडकतो?

दुधनीकडच्या बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोलरचा कॉक बरेच दिवस हलवला नाही, तर तो बहुधा जाम होतो. शेजारचा गार पाण्याचा मात्र सहज फिरतो. पाणी एकाच टाकीतलं, मग हा भेद का? दुधनी ज्या अक्कलकोट तालुक्यात आहे, त्याखाली काळा बेसाल्ट खडक आहे. त्याच्या भेगांतून झिरपणारं पाणी कॅल्शियम सोबत घेऊन येतं. ते विरघळलेलं राहतं ते पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडच्या जोरावर. पाणी तापलं की हा वायू निसटतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर धातूवर धरतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. हा क्षार नेमका उलटा वागतो.

कोणी म्हणेल, हा गंजच असणार. लोखंडी पाइपात गंज असतोही. पण पितळेला तसा तांबडा गंज चढत नाही, तरी पितळी कॉक अडकतो. आणि खरवडलेल्या पांढऱ्या भुकटीवर लिंबू पिळलं तर ती फसफसते. गंज असा फसफसत नाही. मग मोठा पान्हा लावून जोर का करू नये? कारण थर सुटण्याआधी कॉकचा दांडाच पिळवटून तुटू शकतो. पाणी निवल्यावर कॉक किंचित मागे, किंचित पुढे हलवत राहावं. थर ठिसूळ असल्याने भेगाळतो. बाहेरून व्हिनेगर चोळण्यात फारसा अर्थ नाही, क्षार आत बसलेला असतो. पुरवठा बंद करून, कॉक खोलून आतले भागच व्हिनेगरमध्ये बुडवावे लागतात. पुढे महिन्यातून एकदा फिरवावा, आणि आट्यांचा कॉक पूर्ण उघडल्यावर पाव फेरा मागे घ्यावा.