एका अधिनियमाची तीन साले

1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातील ज्या शेतमजुरांनी खडी फोडून कुटुंब जगविले, त्यांना मागितल्यास काम देणाऱ्या महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियमाच्या नावात 1977 हे साल आहे, त्याचा क्रमांक 1978 चा विसावा आहे, आणि अंमल मात्र 26 जानेवारी 1979 पासूनचा आहे. मजुराच्या हक्काच्या दृष्टीने यांतील अखेरची तारीखच खरी.

म्हणून महत्त्वाच्या विधेयकाचा माग ठेवणाऱ्याने सभागृहातील मंजुरीच्या वार्तेवर संतोष मानू नये. पुरःस्थापन, खंडशः विचार व उभय सभागृहांची संमती यांनंतर राज्यपालांची अनुमती लागते आणि समवर्ती सूचीतील विषयात केंद्रीय कायद्याशी विरोध येत असल्यास राष्ट्रपतींचीही. डिसेंबर 2021 मध्ये संमत झालेले शक्ती विधेयक, स्त्रियांच्या सुरक्षिततेसारखा निकडीचा विषय असूनही, याच टप्प्यावर अडले, ही खेदाची गोष्ट होय. विधानपरिषद सामान्य विधेयक प्रथम तीन महिने व पुनश्च एक महिना लांबवू शकते. विधानसभेत प्रलंबित असलेले विधेयक तर तिच्या विसर्जनासरशी व्यपगत होते. विधेयकाचा क्रमांक टिपून ठेवावा आणि राजपत्रातील अंमलाची अधिसूचना निघेपर्यंत तपास सोडू नये.