गंजत नाही, मग तडकतो का?

सिल्वासातल्या टोकरखाड्यात घर बांधणाऱ्याला पाइपाची फारशी चिंता करावी लागत नाही. गच्चीवरच्या टाकीपासून न्हाणीपर्यंत पीव्हीसी नाहीतर सीपीव्हीसी टाकला की वर्षानुवर्षे त्याच्याकडे कोणी बघत नाही. हाच भरवसा घेऊन तोच पाइप आमली-पिपरियाच्या एखाद्या कारखान्याच्या शेडमध्ये जातो आणि काही महिन्यांत ठिबकायला लागतो. मग 'माल डुप्लिकेट निघाला' हे ठरलेलेच. माल पुष्कळदा चोख असतो, त्याला दिलेले काम चुकलेले असते.

प्लॅस्टिक लोखंडासारखे गंजत नाही, पण बिघडायच्या त्याच्या स्वतःच्या तऱ्हा आहेत. सिल्वासात पॉलिएस्टर धाग्याचे टेक्श्चरायझिंग मोठ्या प्रमाणावर चालते. धाग्याला तेल लागते आणि ते पाण्यात मिसळावे म्हणून त्यात साबणाच्या जातीची इमल्सीकारके घालतात. असे तेल धुतलेले पाणी एचडीपीई, म्हणजे पॉलिथिनच्या पाइपातून सोडले, तर रसायनांच्या तक्त्यात साबणापुढे बहुधा 'चालेल' असेच सापडेल. खोटे नाही ते. पाइप विरघळत नाही, फुगत नाही. मात्र जिथे तो जबरीने वाकवून क्लॅम्पमध्ये डांबला आहे, किंवा ओढताना दगडाचा खोल ओरखडा बसला आहे, तिथे साबण आत शिरतो. पॉलिथिनचे लांबलचक रेणू पीळ दिलेल्या सुतासारखे एकमेकांत अडकलेले असतात. ताण आणि साबण एकत्र आले की तो गुंता हळूहळू सुटतो. चीर पडते ती बारीक, काचेसारखी साफ. प्रयोगशाळेत हेच मुद्दाम घडवतात: पट्टीला खाच पाडायची, ती वाकवून अडकवायची, ५० अंशांच्या डिटर्जंटमध्ये बुडवायची आणि तडा जाईपर्यंतचे तास मोजायचे. पीई १०० सारख्या नव्या प्रती इथे बऱ्याच जास्त टिकतात. वाकवण्याची घाई मात्र कुठल्याच प्रतीला मानवत नाही.

आम्लाचे गणित आणखी तिरपागडे. ९८ टक्क्यांचे सल्फ्युरिक आम्ल साध्या पोलादी टाकीत राहते. पाणी घालून पातळ केले की तेच पोलाद खाते. पॉलिप्रॉपिलीनचे नेमके उलटे. पातळ आम्लात ते निवांत असते, तीव्र आम्लात काळवंडून ठिसूळ होते. म्हणून 'सल्फ्युरिकला कोणता पाइप?' या प्रश्नाला टक्के आणि तापमान सांगितल्याशिवाय उत्तर नाही. तापमान तर नुसत्या पाण्यातही पीव्हीसीचा जीव काढते. २३ अंशांना १० किलो दाब झेपणारा पाइप ६० अंशांना जेमतेम सव्वादोन किलोचा उरतो. सिल्वासात तांब्याचे विद्युत शुद्धीकरणही होते आणि त्या प्रक्रियेतले आम्लयुक्त द्रावण साधारण ६० अंशांवरच फिरत असते.

सर्वांत फसवा सोडियम हायपोक्लोराइट. पाणी निर्जंतुक करायला तो सगळीकडे लागतो. पॉलिप्रॉपिलीनचे तो ऑक्सिडीकरण करतो. पीव्हीसी त्याला पुरून उरतो, म्हणून पीव्हीसी टाकतात. आणि गळतो सांधा! सांधा जोडायच्या सॉल्व्हंट सिमेंटला दाटपणा यावा म्हणून बारीक सिलिका घातलेली असते. हायपोतला अल्कली ती सिलिका विरघळवतो, सिमेंटमध्ये सूक्ष्म वाटा तयार होतात आणि पांढरा क्षार बाहेर डोकावतो. सिलिका नसलेले सिमेंट मिळते, पण ते मागावे लागते. दुसरा धोका बॉल व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्ह बंद केला की गोळ्याच्या पोकळीत थोडा हायपो अडकतो, त्याचे विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो आणि दाब वाढत जाऊन व्हॉल्व्ह फुटू शकतो. उपाय हास्यास्पद वाटावा इतका स्वस्त आहे: व्हॉल्व्ह बंद असताना गोळ्याची जी बाजू येणाऱ्या प्रवाहाकडे असते, तिला एक लहान भोक.

दुकानात पाइपावरचा छापील 'आयएस ४९८५' दाखवून खात्री दिली जाते. ते मानक पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपाचे आहे. आम्ल, द्रावक, हायपो यांबद्दल तो शिक्का काहीच सांगत नाही. द्रावकांचे तर विचारूच नये: सिमेंटने सांधा जुळतो तोच मुळी त्यातल्या द्रावकाने पीव्हीसी मऊ पडतो म्हणून, आणि तसलाच द्रावक पाइपातून सोडला की अख्खी लाइन मऊ पडते.